अनुभव धागा: वाळवंटातल्या घळीत पायी काढलेला दिवस

मंडळी, साम्रदची सांदण दरी आपल्यातल्या बहुतेकांची झालेली असते. पण वाळवंटातल्या घळी हे प्रकरण निराळं. नोकरीच्या निमित्ताने, मुलांकडे किंवा सहलीला गेल्यावर युटा, जॉर्डन, ओमानकडे कोणी पायी उतरलं असेल तर लिहा. फोटो नकोत, ते ढिगाने सापडतात. वाट कशी सापडली, पाणी किती लागलं, कुठे फाटली, ते हवं. सुरुवात मीच करतो.

घोडबंदर रोड, ठाणे

युटामधल्या कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानाचा 'मेझ' हा भाग. उद्यान 1964चं, पण ग्रीन आणि कोलोरॅडो नद्यांच्या पश्चिमेच्या या कोपऱ्यात आजही फार कमी लोक जातात. हॅन्स फ्लॅटच्या चौकीपासून मेझ ओव्हरलुकपर्यंत पोचायलाच फोर-बाय-फोर लागते. आम्ही आदल्या रात्री वरच तंबू ठोकला. गाडी भाच्याची, सारथीही तोच.

सह्याद्रीत आपण सकाळी चढतो आणि दमल्यावर उतरतो. इथे सगळं उलटं. ताजेतवाने असताना घळीत उतरायचं आणि ऊन डोक्यावर, बाटल्या हलक्या, अशा वेळी तोच कातळ चढायचा. एका टप्प्यावर सॅक पाठीवरून काढून दोरीने खाली सोडावी लागते. 25 फूट दोर न्या असं उद्यानवालेच सांगतात.

खाली कोरडा, वाळूचा ओढा आणि दोन्हीकडे तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या वालुकाश्माच्या भिंती. नवी मुंबईत पहिल्यांदा आलेल्याला सगळे सेक्टर सारखे वाटतात ना, तसे इथले फाटे. भिंती उंच असल्यामुळे जीपीएस भलतीकडे दाखवतो. वाटेवर दगडांच्या लगोऱ्या असतात, पण ओढ्यातल्या लगोऱ्या पुरात वाहून जातात. भाच्याची पद्धत मला पटली: प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळून पाहायचं, कारण परतताना तीच भिंत दुसऱ्या बाजूने दिसते.

'हार्वेस्ट सीन' हे भित्तिचित्र बघायला सगळी धडपड. हजारो वर्षांपूर्वीच्या लांबुडक्या, खांदे रुंद असलेल्या आकृत्या. एकीच्या बोटातून गवताचा तुरा उगवलाय. मी तो तुरा बराच वेळ बघत बसलो.

पाणी माणशी दिवसाला 4 लिटर सांगतात आणि ते जास्त नाही. ठाण्यात मे महिन्यात शर्ट अंगाला चिकटतो, म्हणून घाम कळतो. तिथे तो जागच्या जागी वाळतो. संध्याकाळी शर्टावर मिठाची पांढरी वर्तुळं दिसली तेव्हा कळलं किती गेला ते.

नेरुळ

आमचं पेट्रा, जॉर्डनमधलं कातळात कोरलेलं प्राचीन शहर. सिकची सुमारे 1.2 किलोमीटरची अरुंद घळ चालायला सोपी, कस लागतो तो वर डोंगरातल्या अद-देर या कोरीव वास्तूच्या 800च्या आसपास पायऱ्यांवर. पण सिकलाही हसू नका. 1963 मध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात वीसहून जास्त फ्रेंच पर्यटक इथे जिवानिशी गेले. पेट्रा वसवणाऱ्या नबातियन लोकांनी घळीच्या तोंडाशी बांध घालून आणि बोगदा खोदून पाणी वळवलं होतं. त्या दुर्घटनेनंतर बांध पुन्हा उभारला. आमच्या ह्यांना सिकच्या टोकाला असलेल्या 'खजिना' या कोरीव वास्तूपेक्षा तो बोगदाच आवडला. सिव्हिल इंजिनिअर, दुसरं काय!

कळवा

अँटिलोप कॅनियन, ॲरिझोना. गाइडशिवाय सोडत नाहीत. 12 ऑगस्ट 1997ला घळीवर पाऊस नव्हता, तो पडला वरच्या अंगाला कित्येक मैल दूर, आणि खाली 11 जण वाहून गेले. पावसाळ्यात खारघरच्या पांडवकड्याला बंदी असताना 'ऊन पडलंय की' म्हणत घुसणाऱ्यांनी हे वाचावं.

घणसोली

म्हणजे सांदण करून तिकडे काही उपयोग नाही का दादा?

घोडबंदर रोड, ठाणे

उपयोग आहे, पण हात-पाय नवे शिकवावे लागतात. आपला बेसॉल्ट टणक. वालुकाश्म कोरडा असताना बुटाला छान पकड देतो, ओला झाला की कमकुवत होतो आणि हातातली पकड तुटून येते. पाऊस झाल्यावर त्यावर चढू नये. आणि अडकलेला मोठा धोंडा कधी हलेल सांगता येत नाही. मेझच्या जवळच्याच ब्लूजॉन कॅनियनमध्ये 2003 साली ॲरन राल्स्टनचा हात असाच धोंडा आणि भिंत यांच्यात सापडला. कुठे जातोय हे कोणालाच सांगितलेलं नव्हतं, पाच दिवसांनी स्वतःचा हात कापून तो सुटला. निघण्याआधी घरच्या ग्रुपवर घळीचं नाव आणि परतायची वेळ टाकून ठेवा. खाली रेंज नसते.

ऐरोली

तिकडे शौचाला गेलात तर तेही पिशवीत भरून परत आणावं लागतं म्हणे. खरं?

घोडबंदर रोड, ठाणे

खरं. सॅकला वेगळा कप्पा ठेवा.

बेलापूर

बाबा 68 वर्षांचे आहेत, पारसिकची टेकडी रोज चढतात. त्यांना यातलं काय झेपेल?

नेरुळ

ताई, सिकमधून खजिन्यापर्यंत आरामात. अद-देरला पहाटे लवकर निघा, दुपारच्या उन्हात नको. मेझचं नावसुद्धा काढू नका त्यांच्यासमोर, हट्ट धरतील.