मदत हवी आहे: ओसीआरच्या कामाला जुना आय७-२६०० घ्यावा की आय५-४५९०?

पानोपानी

नमस्कार मंडळी,

इंदूरहून लिहिते आहे. रामबागेजवळच्या एका लहानशा मराठी वाचनालयात मी रविवारी कामाला जाते. तिथे जुन्या मासिकांचे बांधलेले खंड आहेत. काहींची पानं इतकी ठिसूळ झालीत की उलटताना कोपरा हातात येतो. आम्ही तिघीजणी दोन वर्षं ते स्कॅन करतोय. साधारण ९,००० पानं झाली. आता टेसरॅक्ट या मोफत सॉफ्टवेअरने त्यांचं ओसीआर करायचंय (स्कॅनच्या चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवायचाय), म्हणजे एखाद्या लेखिकेचं नाव टाकलं की तिचं लिखाण कुठल्या अंकात आहे ते सापडेल. आज त्यासाठी खंड उघडावा लागतो आणि प्रत्येक वेळी तो थोडा आणखी झिजतो.

घरचा संगणक असा आहे: आय३-२१२० प्रोसेसर (२ कोअर म्हणजे काम करणारे भाग, ४ थ्रेड म्हणजे एकदम चालणारी कामं, ३.३ गिगाहर्ट्‌झ), एच६१ मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम, २४० जीबी एसएसडी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, म्हणून लिनक्स मिंट टाकलंय. त्याची काही तक्रार नाही.

तक्रार वेळेची आहे. टेसरॅक्टचं 'बेस्ट' मॉडेल (सर्वांत अचूक, पण हळू) लावलं की एका पानाला सरासरी २५ सेकंद लागतात. ९,००० पानांचे साडेबासष्ट तास. बरं, हे एकदाच करून भागत नाही. पान सरळ केलं, डाग काढले, की पुन्हा चालवावं लागतं.

सिल्वर मॉलमधल्या एका दुकानात दोन पर्याय मिळाले:

१) वापरलेला आय७-२६००, ३,००० रुपये. माझ्याच बोर्डावर बसेल.

२) एका ऑफिसातून निघालेला आय५-४५९० चा अख्खा सीपीयू (म्हणजे पूर्ण कॅबिनेट), ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीसकट ८,५०० रुपये.

दुकानदार म्हणाला, "दीदी, आय-सेव्हन आखिर आय-सेव्हन है." त्याच्याकडे विकायला दोन्ही होते, म्हणजे खोटं बोलायचं त्याला कारण नव्हतं. पण कागदावर पाहिलं तर २६०० हा जानेवारी २०११ चा आहे आणि ४५९० हा २०१४ चा. पहिल्यात ४ कोअर आणि ८ थ्रेड, दुसऱ्यात ४ कोअर आणि ४ च थ्रेड. टर्बोचा, म्हणजे गरजेला वाढणारा, वेग ३.८ आणि ३.७ गिगाहर्ट्झ, म्हणजे जवळपास तोच. मग तीन वर्षांनी नवा असण्याला महत्त्व द्यायचं की दुप्पट थ्रेडना? पैसे वाचनालयाच्या वर्गणीतून जाणार आहेत, त्यामुळे चूक करायची नाहीये.

माळवी

२६०० घेऊन टाका. तुमचा आय३ त्याच पिढीचा आहे, त्यामुळे बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटची भानगडच नाही. पाच मिनिटांत बसेल. आय७-३७७० मिळाला तर तो आणखी चांगला, ७७ वॉटचा आहे, पण एच६१ वर त्याच्यासाठी आधी बायोस नवं करावं लागू शकतं.

सोल्डर

पाच मिनिटांत बसेल हे खरं, पण कूलरचं काय? आय३-२१२० हा ६५ वॉटचा. त्याच्याबरोबर येणारा इंटेलचा कूलर बुटका, नुसत्या ॲल्युमिनियमचा असतो. २६०० हा ९५ वॉटचा, त्याला मध्ये तांब्याचा गोळा असलेला कूलर यायचा. ओसीआर म्हणजे चारही कोअर तासन्‌तास शंभर टक्क्यांवर. इंदूरच्या मे महिन्यात बुटक्या कूलरवर हे चालवलं तर प्रोसेसर जळणार नाही, तो स्वतःच वेग कमी करून घेतो. म्हणजे ज्या वेगासाठी ३,००० दिले तोच मिळत नाही. तेव्हा ३,००० मध्ये कूलर आणि थर्मल पेस्ट धरा.

दुसरं, बोर्ड. प्रोसेसर सहसा मरत नाही, बोर्ड मरतो. दहा-बारा वर्षांच्या स्वस्त एच६१ वर ६५ ऐवजी ९५ वॉटचा भार रात्रभर टाकायचा, तर आधी कॅबिनेट उघडून प्रोसेसरच्या सॉकेटशेजारचे कपॅसिटर (छोट्या नळकांड्यांसारखे भाग) पाहा. एकाचंही डोकं फुगलेलं दिसलं तर तो पर्याय तिथेच सोडा. आणि एच६१ मध्ये मुळात यूएसबी ३.० नाही, साटाही (डिस्कची जोडणी) ३ गिगाबिटचाच. ९,००० पानांच्या मूळ स्कॅनचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेताना हे दर वेळी जाणवत असणार.

देवनागरी_प्रेमी

मी टेसरॅक्ट बरंच वापरलंय, म्हणून जरा लांब लिहितो.

आठ थ्रेड म्हणजे आठ कोअर नव्हेत. हायपरथ्रेडिंगमध्ये एकाच कोअरवर दोन कामं एकाच वेळी घुसवतात. फायदा होतो, दुप्पट कधीच होत नाही. उलट हॅसवेल, म्हणजे चौथी पिढी, त्याच वेगाला दर फेरीत सँडी ब्रिजपेक्षा, म्हणजे २६०० च्या पिढीपेक्षा, जास्त काम उरकते. त्यामुळे तुमच्या कामात हे दोघं फार लांब नसतील.

खरा फरक आहे एव्हीएक्स२ चा. एकाच आज्ञेत अनेक आकडे हाताळणारा हा आज्ञासंच हॅसवेलपासून आला. २६०० मध्ये पहिलं एव्हीएक्स आहे, एव्हीएक्स२ नाही. टेसरॅक्ट ४ पासून ओळखण्याचं काम न्यूरल जाळं करतं, आणि त्यातला गुणाकार-बेरजांचा भाग प्रोसेसर पाहून निवडला जातो. 'फास्ट' मॉडेल पूर्णांकांवर चालतं, तिथे एव्हीएक्स२ चा उपयोग होतो. 'बेस्ट' मॉडेल दशांश संख्यांवर चालतं, तिथे साधं एव्हीएक्ससुद्धा कामी येतं. म्हणून तुम्ही कुठलं मॉडेल ठेवणार यावर उत्तर थोडं बदलतं.

पण खरेदीच्या आधी एक फुकटची गोष्ट करून पाहा. टेसरॅक्ट एकाच पानासाठी स्वतःहून चार थ्रेड वापरतं, आणि त्यांचा बराच वेळ एकमेकांची वाट पाहण्यात जातो. 'ओएमपी थ्रेड लिमिट' (OMP_THREAD_LIMIT) हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करण्याआधी द्यायची सेटिंग, १ वर ठेवा आणि चार पानं चार वेगळ्या प्रक्रियांमध्ये एकदम सोडा. पान एकेक करून हळू होईल, गठ्ठा लवकर होईल. २० पानं घेऊन आधी आणि नंतर घड्याळ लावा.

पानोपानी

@देवनागरी_प्रेमी, किती आभार मानू! तीच २० पानं आधी ८ मिनिटं २० सेकंदांत होत होती, आता ४ मिनिटं ५० सेकंदांत झाली. याच आय३ वर, एक पैसा न घालता.

'फास्ट' मॉडेलही लावून पाहिलं. वेग खूप आहे, पण आमचे अंक १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचे आहेत. 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत' अशी छपाई. 'फास्ट'ने त्यातले अनुस्वार बऱ्याच ठिकाणी गाळले, आणि 'तऱ्हा'मधला अर्धा र तर दरवेळी वेगळाच येतोय. त्या काळात जसं छापलं तसंच राहायला हवं, यावर आम्ही तिघीही ठाम आहोत. म्हणजे 'बेस्ट'च.

@सोल्डर, कॅबिनेट उघडलं. सॉकेटजवळचे दोन कपॅसिटर वर थोडे फुगलेले वाटतात. फोटो टाकते. कूलर तुम्ही म्हणता तसाच, बुटका.

सोल्डर

फोटो पाहिला. फुगलेलेच आहेत. या बोर्डावर २६०० चढवू नका.

आता दुसऱ्या पर्यायाच्या किमतीवर बोला. रॅम आणि एसएसडी तुमच्याकडे आहे. ४५९० लाही डीडीआर३ च लागते, तुमच्या पट्ट्या तिथे चालतील. दुकानदाराला रॅम आणि एसएसडी काढून भाव विचारा. आणि कॅबिनेट उभं मोठं आहे की आडवा छोटा डबा, ते बघा. छोट्या डब्यात एसएमपीएसचा (वीजपुरवठा करणाऱ्या भागाचा) आकार आणि जोडणी बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची असते. तो गेला तर बाजारातला नेहमीचा बसत नाही.

माळवी

फुगलेले कपॅसिटर असतील तर मी माझा सल्ला मागे घेतो. ४५९० घ्या.

देवनागरी_प्रेमी

'बेस्ट'च ठेवणार असाल तर एव्हीएक्स२ चा मुद्दा बराचसा बाजूला पडतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. बोर्ड धड असता तर मीही २६०० च सुचवला असता.

दुकानात जाताना मिंटचा पेनड्राइव्ह न्या, त्यात टेसरॅक्ट आणि तीच २० पानं टाका. दुकानातच चालवून बघा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

पानोपानी

शनिवारी जाऊन आले. दुकानदाराने स्वतः मॉनिटर जोडून दिला आणि शेवटपर्यंत उभं राहून पाहिलं. जुनी पानं बघून म्हणाला, त्याच्या आजीकडेही असे अंक होते.

२० पानं, 'बेस्ट' मॉडेल, चार प्रक्रिया: २ मिनिटं १० सेकंद. म्हणजे पूर्ण ९,००० पानं सव्वासोळा तासांत. संध्याकाळी लावलं तर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेआधी संपेल.

रॅम आणि एसएसडीशिवाय ५,८०० सांगितले, जुना आय३ आणि बोर्ड देऊन ५,००० ला सौदा ठरला. कॅबिनेट उभं आहे, एसएमपीएस नेहमीच्या मापाचा. एक महिन्याची हमी बिलावर लिहून घेतली. माझ्या रॅमच्या दोन्ही पट्ट्या पहिल्याच खटक्यात चालल्या.

आज रात्री पहिला खंड लावलाय. आता एकच विचारायचंय: दोन रकान्यांच्या पानांवर डावा आणि उजवा रकाना एकमेकांत मिसळतोय. पानाची मांडणी ओळखण्याचा कुठला पर्याय तुम्ही ठेवता?