मंगोलिया: हिवाळी कुरणात सौरपंप बसवावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एमएसाठी मंगोलियातल्या चराईवर प्रबंध लिहितेय आणि एका प्रश्नापाशी गाडी अडलीय. सौरपंप, बोअर किंवा कुरणांचं काम स्वतः केलेल्यांनी जरूर वाचा.

गेल्या उन्हाळ्यात दुंडगोवी प्रांतात एका पशुपालक कुटुंबाकडे तीन आठवडे राहिले. गेरचं, म्हणजे त्यांच्या गोल तंबूघराचं, दार कायम दक्षिणेला, त्यामुळे सौर पॅनेलही दाराशेजारीच टेकवलेलं. त्यावर दिवा, टीव्ही आणि फोन चालतात. चूल मात्र अरगलवर, म्हणजे वाळलेल्या शेणावर. 2000 ते 2012 या काळात 'एक लाख सौर गेर' कार्यक्रमातून सरकारने हे संच अनुदानावर दिले आणि खरोखरच लाखभर कुटुंबांपर्यंत पोचवले. तळ हलला की पॅनेल गाडीवर चढतं. मला ही योजना फार आवडली, कारण वीज मिळवण्यासाठी कुणाला एका जागी बसावं लागलं नाही.

माझा प्रश्न पाण्याचा आहे. समाजवादी काळात बोअर सांभाळायचं काम सामूहिक संस्थांकडे, नेगदेलकडे होतं. 1990 नंतर त्या मोडल्या आणि कितीतरी पंप बंद पडले. जनावरं मात्र तेव्हाच्या अडीच कोटींवरून 2019 पर्यंत सात कोटींवर गेली. काश्मिरी लोकरीपायी त्यात शेळ्या बेसुमार वाढल्या. बंद बोअरवर सौरपंप बसवले की कळप पांगतील आणि गवतावरचा ताण कमी होईल, असं मी प्रबंधाच्या आराखड्यात बिनधास्त लिहून टाकलं होतं.

मग उन्हाळी विहीर पाहिली. हौदाभोवती गवताची काडी नव्हती, बूट पिठासारख्या धुळीत रुतत होता. शंभरेक पावलं गेल्यावर पहिलं खुरटं गवत दिसलं. दुसऱ्या दिवशी घरच्या आजींनी हिवाळी कुरण दाखवलं. तिथे पोटरीपर्यंत गवत! जवळपास पाणी नाही, म्हणून उन्हाळ्यात तिकडे कुणी फिरकत नाही. हिवाळ्यात जनावरं बर्फ खाऊन तहान भागवतात. म्हणजे पाणी नसणं हेच त्या कुरणाचं कुंपण आहे.

तरीही आजींना तिथे विहीर हवीय. बर्फ पडलाच नाही तर 'खार झुद' येतो, म्हणजे काळा झुद (झुद म्हणजे जनावरं मोठ्या संख्येने मरतात असा हिवाळा). गवत समोर असतं आणि जनावरं तहानेने मरतात. त्यांच्या मुलाला मात्र विहीर नको. तो म्हणाला, "पाणी आलं की जूनमध्येच चार कळप येऊन बसतील, त्यांना उठवणार कोण?" त्याचं म्हणणं खोटं नाही. कुरणं राज्यघटनेनुसार खासगी मालकीची होऊ शकत नाहीत. हिवाळी तळाच्या जागेचा ताबा कुटुंबाला कागदावर मिळतो, पण भोवतीच्या गवताचा नाही. शिवाय वाईट वर्षी लांबचे कळप 'ओतोर'ला, म्हणजे चाऱ्याच्या शोधात दूरच्या कुरणांकडे, निघतात, त्यांना पाणी नाकारणं तिथे कुणालाच बरं वाटत नाही.

डिझेल पंप असताना इंधनाचा खर्च हाच लगाम होता. सौरपंपाला तो नाही, ऊन आहे तोवर पाणी फुकट.

तर विचारायचंय असं: फक्त हिवाळ्यात चालवायचा आणि उन्हाळ्यात पॅनेल काढून न्यायचं, असा सौरपंप कुणी बसवलाय किंवा पाहिलाय का? उणे 30 अंशांत पॅनेलला काही होत नाही हे ठाऊक आहे, पण बॅटरीची ताकद घटते आणि पाइपातलं पाणी गोठतं. बॅटरीविना थेट पॅनेलवर चालवून, पंप थांबला की पाइपातलं पाणी आपोआप खाली उतरेल अशी सोय करतात असं वाचलं. इतक्या थंडीत ती टिकते का?

आणि सामाईक कुरणावर काम केलेल्यांना विचारते: पॅनेल कोणी काढायचं, कोणाच्या घरी ठेवायचं, हे तुमच्याकडे कसं ठरलं? बाहेरचा कळप आला तेव्हा तो नियम टिकला की मोडला? मोडला असेल तर तेही लिहा, मला त्याचाच जास्त उपयोग होईल. आजींच्या मुलाला पुढच्या आठवड्यात फोन करणार आहे, तोवर काही हाती आलं तर त्यालाही सांगेन.