बुडापेस्टवर सही केली की चोर सापडतील?

पेठकर:
काल इथं एकानं ठोकून दिलं की भारतानं 2001 च्या बुडापेस्ट करारावर (सायबर गुन्ह्यांच्या तपासात देशांनी एकमेकांना मदत करायचा आंतरराष्ट्रीय करार) सही केली की डिजिटल अरेस्टवाले, म्हणजे व्हिडिओ कॉलवर खोटे पोलीस बनून पैसे उकळणारे, महिन्याभरात आत. वाचून डोकं सणकलं. अहो ती टोळकी बसलीत म्यानमारच्या म्यावाडीत आणि कंबोडियात, आणि हे दोन्ही देश त्या करारात नाहीतच! वर 32ब कलम आहे, डेटा ज्याच्या हातात त्यानं होकार दिला की बाहेरचे पोलीस आपल्या सरकारला न विचारता तो घेऊन जाणार. मसुदा ठरताना आपल्याला कुणी बोलावलं होतं का? पुण्याची कॉसमॉस बँक आठवा, ऑगस्ट 2018, हॅकरांनी 94 कोटी नेले, 28 देशांतल्या एटीएममधून पैसे काढले. हाँगकाँगला गेलेल्यातले थोडे परत आले ते तिथलं खातं वेळेत गोठवलं म्हणून, बुडापेस्टमुळे नाही.

वकीलताई_नाशिक:
हाँगकाँगशी आपला कायदेशीर मदतीचा वेगळा करार आहे पेठकर, ते सोयीस्कर विसरलात. आणि 2023 ला कॉसमॉस प्रकरणात पुण्यात 11 जणांना शिक्षा झाली ती इथल्या प्याद्यांना, बाहेर बसलेला सूत्रधार कुठाय? चोर कंबोडियात असला तरी त्याचा मेल अमेरिकेतल्या कंपनीकडे असतो आणि अमेरिका बुडापेस्टमध्ये आहे. आज मेलमधला मजकूर हवा तर कागद पोलीस ठाण्यातून मुंबई, मुंबईतून दिल्लीचं गृहमंत्रालय, तिथून वॉशिंग्टन, आणि तिकडच्या निकषात बसेल असं प्रोबेबल कॉज, म्हणजे संशयाला सबळ आधार, आपल्या अर्जात नसलं की आला परत. तोवर डेटा पुसला जातो. बुडापेस्टच्या 29 कलमात निदान 60 दिवस तो जपून ठेवायची सोय आहे.

जालनेकर:
करारबिरार राहू द्या हो. माझ्या मामांचे रिटायरमेंटचे पैसे गेले. सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर 1930 लागला, पण पोलीस ठाण्यात म्हणे उद्या या, उद्या गेलो तर म्हणे स्क्रीनशॉटच्या प्रिंट आणा, सर्टिफिकेट आणा. कसलं सर्टिफिकेट ते तिथल्या कुणालाच नीट सांगता येईना. मामांनी वैतागून फोन रिसेट मारला.

वकीलताई_नाशिक:
इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं सर्टिफिकेट ते. पूर्वी पुरावा कायद्याचं 65ब, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 63. तुमच्या जालन्याच्याच निवडणुकीचा खटला, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, 2020. सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की मूळ उपकरणच मालकानं कोर्टात हजर केलं तर सर्टिफिकेट लागत नाही. मामांनी फोन जपायला हवा होता.

जालनेकर:
म्हणजे चूक मामांचीच? सत्तरीतल्या माणसानं लुबाडलं गेल्यावर आधी निकालपत्र वाचायचं का? ताई, कोर्टात बसून बोलणं सोपंय.

बिट_पिंपरी:
सर्टिफिकेटच्या नव्या नमुन्यात हॅश (फाइलचा डिजिटल ठसा, फाइल जरा बदलली की तोही बदलतो) लिहावा लागतो, तज्ज्ञाचीही सही लागते. आता ठाण्यात सांगतात रेकॉर्डिंग व्हॉट्सॅपवर पाठवा. तसं पाठवताना फाइल कॉम्प्रेस झाली की हॅश बदलतो, मग कोर्टात आरोपीचा वकील त्यावरच बोट ठेवणार. हे शिकवायला कुठला आंतरराष्ट्रीय करार लागतो?

वकीलताई_नाशिक:
जालनेकर, दोष मामांना देत नव्हते, शब्द कडक गेले. पण बिट, परदेशी कंपनी आपल्या नमुन्यात सर्टिफिकेट देईलच असं नाही, ती स्वतःच्या पद्धतीचं पत्र पाठवते. तेव्हा कोर्टाकडे अर्ज करून मागवावं लागतं, तेही खोतकर निकालातच आहे. तिथं गाडी पुन्हा दोन देशांवरच येते ना?

पेठकर:
ठीक आहे, अमेरिकेतल्या मजकुरापुरतं ताईंचं मान्य, त्याहून पुढं नाही. डेटा जपून ठेवा एवढी विनंती मोठ्या अमेरिकन कंपन्या पोलिसांकडून सरळ स्वतःच्या पोर्टलवर घेतात, 90 दिवस राखतात, मुदत वाढवूनही मिळते. सीबीआयकडे जी-7 देशांचं चोवीस तासांचं नेटवर्कही आहे, दुसऱ्या देशाला डेटा जपायची तातडीची विनंती करायला. हे दोन्ही बुडापेस्टशिवाय. ते वापरत नाही आणि सहीसाठी रडायचं?

जालनेकर:
मग ती विनंती मामांच्या केसमध्ये गेली का, एवढंच मला कळायला पाहिजे. मामांच्या फोनचा रिसेटआधीचा बॅकअप मेलवर निघतोय का बघतोय. ताई, लेखी अर्जात नेमकं काय मागायचं ते इथंच लिहा, सोमवारी घेऊन जातो.