प्लीहेत लीशमॅनिया सापडला, म्हणजे ती जात रिझर्व्हायर ठरते का?

क्षेत्रनोंद (प्रश्न)
त्वचेच्या लीशमॅनियासिसचे (सँडफ्लाय या बारीक माशीच्या चाव्यातून लीशमॅनिया परजीवी शिरून होणारा, व्रण पाडणारा रोग) रुग्ण असलेल्या भागात पकडलेल्या रानटी जर्बिलांपैकी (उंदरासारखे, बिळात राहणारे प्राणी) काहींची प्लीहा केडीएनए पीसीआरमध्ये (परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह आली. एवढ्यावर त्या जातीला रिझर्व्हायर (परजीवी टिकवून ठेवून माश्यांना पुरवणारा यजमान) म्हणता येतं का? नसेल तर आणखी काय तपासायचं आणि नमुने कसे घ्यायचे? बिळांमध्ये झिंक फॉस्फाइडचं (उंदीर मारायचं विष) आमिष टाकायचा प्रस्ताव आहे, म्हणून विचारतो.

बीळवाट
नाही. लीशमॅनियाच्या एका पेशीत केडीएनएच्या मिनिसर्कलच्या (डीएनएचे छोटे वर्तुळाकार तुकडे) साधारण १०,००० प्रती असतात. त्यामुळे ही चाचणी अगदी नगण्य संसर्गही पकडते. परजीवी त्या प्राण्यात पोचला, इतकंच तिच्यावरून कळतं. तो तिथून सँडफ्लायमध्ये परत जातो का, हे कळत नाही. माशी प्लीहेला चावत नाही, त्वचेला चावते. म्हणून त्वचा तपासल्याशिवाय मत बनवू नका.

दुसरी गोष्ट, परजीवी नेमका कोणता? मध्य आशियातल्या मोठ्या जर्बिलमध्ये (ऱ्होंबोमिस ओपिमस) लीशमॅनिया मेजरसोबत लीशमॅनिया टुरानिकाही आढळतो, आणि माणसांतल्या जखमा मुख्यतः मेजरमुळे होतात. त्यामुळे जाती ओळखण्यासाठी डीएनएतला आयटीएस१ हा भाग पीसीआरने वाढवून, डीएनए कापणाऱ्या हेथ्री एन्झाइमने कापा किंवा सरळ सिक्वेन्स करा. जर्बिल, माशी आणि रुग्ण या तिघांत एकच परजीवी दिसला पाहिजे.

तिसरी गोष्ट बहुतेक अहवालांत राहून जाते, ती म्हणजे ऋतू. माश्या उडत नाहीत ते महिने परजीवी कोणात तग धरतो? नव्या हंगामातल्या माश्या बाहेर पडायच्या आधी पकडलेले, मागच्या हंगामातून वाचलेले प्रौढ प्राणी पॉझिटिव्ह निघाले, तर तो पुरावा फार मोलाचा. ऐन हंगामात कोणताही कृंतक (उंदरासारखा कुरतडणारा प्राणी) पॉझिटिव्ह येऊ शकतो. थोडकं जगणारी, विरळ असणारी जात त्या वेळी संसर्गाची फक्त शेवटची पायरी असू शकते.

काचपट्टी
नमुन्यांबद्दल. दोन्ही कानांच्या कडा नीट बघा. सूज, व्रण, केस गळालेला भाग दिसला तर तिथला २–३ मिमीचा तुकडा घ्या. काही दिसलं नाही तरी कानाचा तुकडा घ्याच. त्वचा, प्लीहा, यकृत यांचे छोटे तुकडे वेगवेगळ्या नळ्यांत ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. नळी गच्च भरू नका, इथेनॉल आत मुरत नाही. फॉर्मॅलिन नको, डीएनए तुटतो.

स्मिअरसाठी (सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा काचेवरचा ठसा) कापलेली बाजू आधी टिपकागदावर टिपा, नाहीतर रक्ताखाली पेशी दिसत नाहीत. मग काचेवर अलगद टेकवा, हवेत वाळवा, मिथेनॉलने फिक्स करा आणि १० टक्के जीम्सा रंगामध्ये (पीएच ७.२) २०–३० मिनिटं ठेवा. १०० एक्स ऑइल लेन्सखाली २–४ मायक्रॉनचे अमास्टिगोट (प्राण्याच्या शरीरातलं परजीवीचं गोलसर रूप) दिसतात, पण केंद्रक आणि कायनेटोप्लास्ट (परजीवीतला केडीएनएचा छोटा ठिपका) दोन्ही दिसल्याशिवाय पॉझिटिव्ह लिहू नका. रंगाचे कण हुबेहूब फसवतात.

प्रत्येक प्राण्याला नवं ब्लेड वापरा. एकाच कात्रीने दहा प्राणी उघडले तर ओळीने येणारे पॉझिटिव्ह कात्रीचेही असू शकतात.

सँडफ्लाय_वसाहत
खरी कसोटी झेनोडायग्नोसिस, म्हणजे प्राण्याला सँडफ्लाय चावू देऊन परजीवी तिच्यात जातो का ते बघणं. रोग पसरवणाऱ्या जातीच्याच, प्रयोगशाळेतल्या वसाहतीत वाढवलेल्या सँडफ्लाय माद्यांना खायला ठेवलेली साखर आदल्या दिवशी काढा. बेशुद्ध केलेल्या प्राण्याच्या कानावर त्यांना अंधारात तासभर चावू द्या आणि रक्त प्यायलेल्याच मोजा. विच्छेदन रक्त पूर्ण पचून बाहेर पडल्यावर करा. त्याआधी दिसणारे प्रोमास्टिगोट (माशीतलं परजीवीचं शेपटीवालं रूप) रक्तासोबत निघूनही जाऊ शकतात. नंतरही ते टिकले आणि पुढे स्टोमोडियल झडपेपर्यंत (माशीच्या आतड्याच्या तोंडाकडच्या टोकाची झडप) सरकले, तर अर्थ आहे.

माद्रिदजवळच्या फुएनलाब्रादात २००९पासून लीशमॅनिया इन्फँटम या दुसऱ्या जातीची साथ आली, तेव्हा नेहमीचा संशयित कुत्रा होता. पण कुत्र्यांतला संसर्ग काही वाढलेला दिसेना. वरवर निरोगी रानससे मात्र फ्लेबोटोमस पर्निसिओसस या तिथल्या सँडफ्लायला संसर्ग देतात, हे याच चाचणीने दाखवलं. म्हणजे व्रण नाही म्हणून प्राणी यादीतून वगळायचा नाही.

क्षेत्रनोंद
जात नक्की झाली की आमिष चालेल ना?

बीळवाट
ती जात काय खाते त्यावर आहे. मेरिओनेस हा जर्बिल धान्य खातो, त्याला झिंक फॉस्फाइडचं धान्य चालतं. सामोमिस ओबेसस हा जर्बिल मात्र चाकवताच्या कुळातल्या खारट झुडपांच्या रसरशीत पानांवर जगतो, धान्याला तोंड लावत नाही. आमिष तसंच पडून राहतं आणि ते दुसरेच प्राणी खातात. तिथे खोल नांगरट करून झुडपं मुळासकट काढावी लागतात.

धान्य चालणार असेल तर आधी सगळी बिळं बुजवा आणि ४८ तासांनी पुन्हा उघडलेल्या बिळांतच, आत खोल, आमिष टाका. उघड्यावर पसरलं तर पक्षी मरतात. बाजूच्या वसाहतींतले जर्बिल रिकाम्या बिळांत शिरतात, त्यामुळे बिळं बुजवून पुन्हा उघडलेली मोजायचं हे काम त्या हंगामात पुन्हा करावं लागेल.