१९५३ ची सीजे-३बी जीप घरीच दुरुस्त करायची आहे : सुरुवात कुठून करावी?

पाना_पकड (धागाकर्ता)
नमस्कार. बरीच वर्षे छपराखाली उभी असलेली १९५३ ची विलीज सीजे-३बी माझ्याकडे आली आहे. चार सिलिंडरचे हरिकेन इंजिन मूळचेच आहे, वायरिंग ६ व्होल्टचे आहे, चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ब्रेकचे पेडल दाबले की ते थेट तळाला जाते. मला रंगकाम किंवा प्रदर्शन यांपैकी काहीच करायचे नाही. गाडी सुरू व्हावी आणि हवी तेव्हा थांबावी, एवढीच अपेक्षा आहे. खर्च रबरी भाग, होस, केबल आणि तेले यांच्यापुरताच करता येईल. इंजिन उतरवणे किंवा एक्सल बदलणे या मर्यादेत बसत नाही, हे कृपया ध्यानात घ्यावे. आधी ब्रेक करावेत की इंजिन? आणि ६ व्होल्ट ठेवावे की १२ करून घ्यावे?

चिखलवाट
बॉडी चासीवरून (गाडीच्या खालच्या सांगाड्यावरून) उतरवल्याशिवाय जुन्या जीपला हात लावणे म्हणजे भिंतीला ओल असताना चुना काढणे. मी माझी टोयोटाची एफजे-४० जीप पूर्ण मोकळी केली, चासीला सँडब्लास्टिंग करून घेतले आणि प्रत्येक बोल्ट नवा घातला. खर्चाचा विचार आत्ता केलात तर पुढे दुप्पट कराल. निदान चासीच्या पट्ट्यांवर छोट्या हातोडीने ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे, बद्द आवाज आला तर आतून गंजला आहे. स्प्रिंगांचे हँगर आणि बॉडी माउंट यांच्याभोवती, जिथे चिखल साचून राहतो, तिथे हे आवर्जून करावे.

हरिकेन_प्रेमी
धागाकर्त्याने मर्यादा स्पष्ट सांगितली असताना सँडब्लास्टिंगचा विषय कशाला? आधी इंजिन. मात्र स्टार्टर लगेच मारू नका. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडा, एक रात्र तसेच राहू द्या आणि मग गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून पुढून लावायच्या हँडलने इंजिन हातानेच सावकाश फिरवा. ते अडले तर जोर लावू नये, पुन्हा तेल सोडून थांबावे. या इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे वरचे झाकण उघडून रॉकर (वरचे व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) नीट हलताना दिसले तरी खालचे व्हॉल्व्ह अडकलेले असू शकतात. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजल्यावरच खरी स्थिती कळते. डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटची फट ०.०२० इंच आणि प्लगची ०.०३० इंच ठेवा. पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखालीच असते; ती पूर्ण रिकामी करून धुतल्याशिवाय कार्बोरेटर साफ करणे व्यर्थ आहे, कारण जुन्या पेट्रोलचा चिकट थर पुन्हा जेटमध्येच येऊन बसतो. टाकीचे काम करताना बॅटरीची तार सोडून ठेवावी, हे वेगळे सांगायला नको.

बारा_व्होल्टवाला
६ व्होल्टचा मोह सोडावा. माझ्या गाडीला १२ व्होल्टचा अल्टरनेटर बसवल्यापासून दिवे, हॉर्न आणि सुरू होणे या तिन्ही तक्रारी संपल्या. बल्ब, कॉइल आणि मीटर यांकडे लक्ष द्यावे लागते. कॉइल ६ व्होल्टचीच ठेवायची असेल तर तिला रेझिस्टर जोडावा आणि इंधनाच्या काट्याला व्होल्टेज कमी करणारा भाग लावावा. स्टार्टर जुनाच चालतो, फक्त तो फार जोरात फिरतो.

जुना_अर्थिंग
आणि तेवढ्याच जोरात फ्लायव्हीलच्या दात्यांवर आदळतो, हे सांगायचे राहिले. ६ व्होल्टमध्ये तेवढ्याच वॅटसाठी दुप्पट करंट लागतो, म्हणून केबल जाड हवी. पुष्कळ गाड्यांना कोणीतरी मध्येच १२ व्होल्टच्या गाडीची बारीक बॅटरी केबल लावून ठेवलेली असते आणि मग दोष ६ व्होल्टला दिला जातो. एक साधी तपासणी करा. स्टार्टर फिरत असताना व्होल्टमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर धरा, ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग खराब आहे. इंजिन रबरी माउंटवर बसते, त्यामुळे इंजिन ते चासी ही विणलेली पट्टी शाबूत आहे की नाही तेही पाहावे. खर्च नगण्य.

अॅल्युमिनियम_भक्त
लँड रोव्हर घेतली असती तर बॉडीच्या गंजाचा प्रश्नच आला नसता.

चिखलवाट
लँड रोव्हरची चासी आणि बल्कहेड (इंजिन व आसने यांमधली भिंत) पोलादीच असतात, आणि अॅल्युमिनियम पोलादाला जिथे टेकते तिथे ओलाव्यामुळे अॅल्युमिनियमच खाल्ले जाते. असो.

ड्रम_आणि_ड्रम
इंजिनाची एवढी चर्चा झाली, पण न थांबणारी गाडी सुरू करून करायचे काय? आधी ब्रेक, आणि ब्रेकच्याही आधी जॅक. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागचे एकच चाक उचलले तर शाफ्ट धरलेला असूनही डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळे फिरू देणाऱ्या गिअरमुळे) हवेतले चाक उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे चाक गडगडते. म्हणजे हँडब्रेक ओढलेला असतानाही गाडी जॅकवरून घसरते. माझ्या परिचयातील एका मेकॅनिकची पावले यातूनच थोडक्यात वाचली. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे आणि एक्सलखाली स्टँड हवेतच.

दुसरे, डाव्या बाजूच्या चाकांचे स्टड बहुधा उलट्या आट्यांचे असतात आणि त्यांच्या टोकावर 'एल' उमटवलेला असतो. तो न पाहता लांब पाइप लावून जोर केला की स्टड तुटतो. तिसरे, मागचा ड्रम हबसकट (चाकाच्या मधल्या तुंब्यासकट) निमुळत्या शाफ्टवर घट्ट बसलेला असतो. त्याला भक्कम हब पुलर लागतो, हातोडीने तो निघत नाही. पुलर लावताना शाफ्टचा नट पूर्ण काढू नका, सैल करून काही आट्यांवर राहू द्या. हब एकदम सुटतो तेव्हा तो अंगावर येतो. हे काम एकट्याने करू नये.

हरिकेन_प्रेमी
हँडब्रेकविषयी पूर्ण सहमत. माझाही तोच अनुभव आहे.

सिलिकॉनवाला
ब्रेक उघडतच आहात तर डॉट ५ प्रतीचे सिलिकॉन ब्रेक तेल घाला. ते ओलावा शोषत नाही आणि रंगही खराब करत नाही.

ड्रम_आणि_ड्रम
ओलावा शोषत नाही, म्हणूनच आत शिरलेले पाणी खोलगट जागी साचून तेवढाच भाग गंजवते. शिवाय ते जुन्या तेलात मिसळता येत नाही. डॉट ५.१ हे नाव सारखे वाटले तरी ते सिलिकॉन नव्हे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. साधे डॉट ३ घालून ठरावीक काळाने बदलणे या गाडीला पुरेसे आहे. पेडलचा दाब तेलात उतरवणारा मास्टर सिलिंडर फरशीखाली असतो आणि तेल भरायचे झाकण फरशीतच असते. ते उघडण्यापूर्वी भोवतालची माती पुसून घ्या. एकच सर्किट असल्याने एका होसला भोक पडले तरी चारही चाकांचे ब्रेक जातात, म्हणून सगळे रबरी होस नवेच घालावेत.

बारा_व्होल्टवाला
त्यापेक्षा पुढे डिस्क ब्रेक आणि दुहेरी मास्टर सिलिंडर बसवून मोकळे व्हा.

गिअरतेल
गिअरबॉक्सविषयी कोणीच बोलत नाही. त्यात जीएल-५ प्रतीचे गिअर तेल घालू नका, सिंक्रोच्या (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या भागाच्या) पितळी कड्या खराब होतात. जीएल-४ घालावे.

सिलिकॉनवाला
ही जुनी समजूत आहे. जीएल-५ तेलांना तांब्याच्या पट्टीवरील गंज चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते.

गिअरतेल
चाचणीतली पट्टी काही तासांत बाहेर काढतात, माझ्या गिअरबॉक्समधल्या कड्या वर्षानुवर्षे तेलात बुडून राहतात. आणि जीएल-५ अधिक निसरडे असल्याने सिंक्रो नीट पकडत नाहीत, त्याचे काय?

पाना_पकड
सर्वांचे आभार. माझे ठरले आहे. विद्युतव्यवस्था ६ व्होल्टचीच ठेवणार असून फक्त केबल आणि अर्थिंगची पट्टी बदलणार आहे. डिस्क ब्रेक नकोत, दुहेरी मास्टर सिलिंडरही सध्या नको. मागचे हब मात्र मी आत्ता काढणार नाही, कारण तसा पुलर माझ्याकडे नाही. प्रथम मास्टर सिलिंडर, सगळे होस आणि पुढची दोन चाके करीन. मागच्या व्हील सिलिंडरांतून (चाकातले ब्रेक दाबणाऱ्या सिलिंडरांतून) गळती दिसत नाही, तेव्हा तूर्त त्यांच्या तेलात अडकलेली हवा फक्त काढीन.

ड्रम_आणि_ड्रम
हा निर्णय मला मुळीच मान्य नाही. गळती आधी सिलिंडरच्या टोकावरच्या रबरी बुटाच्या (टोपीच्या) आत साठते आणि बाहेर दिसेपर्यंत ब्रेकचे लायनिंग तेलाने भिजलेले असते. ड्रम काढल्याशिवाय बुटाची कड उचलून पाहता येत नाही, म्हणून पुलर मिळेपर्यंत गाडी आवाराबाहेर काढू नका.

गिअरतेल
ट्रान्सफर केसमध्येही जीएल-४ च.