मदत हवी आहे: मधुमेह, रक्तदाब आणि यकृताचा फायब्रोसिस

नमस्कार. आम्ही परळला राहतो. माझ्या आईला (वय ५८) बरीच वर्षे मधुमेह आहे, जोडीला रक्तदाब आहे आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातील चरबी) २१० च्या आसपास असतात. सोनोग्राफीच्या अहवालात दर खेपेस ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ अशी ओळ येते आणि ‘वजन उतरवा’ एवढ्यावर तो विषय संपतो.

यंदा नव्या डॉक्टरांनी वय, एसजीओटी (४६) व एसजीपीटी (५२) ही यकृताची एन्झाइम्स आणि प्लेटलेट्स (१ लाख ६५ हजार) यांवरून फिब-४ काढला, म्हणजे यकृतातील फायब्रोसिसचा (तंतू साचून यकृत कडक होण्याचा) अंदाज देणारा आकडा; तो २.२४ आला. १.३ च्या खाली असता तर फारशी काळजी नव्हती आणि २.६७ च्या वर गेला असता तर फायब्रोसिस बराच पुढे गेल्याची शंका घेतात. आई नेमकी अधेमधे आहे. म्हणून यकृताचा कडकपणा मोजणारे फायब्रोस्कॅन केले, त्यात ९.८ किलोपास्कल आले. (तिने आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही, तरी नातेवाइकांचा पहिला प्रश्न तोच असतो, इथे तो नसावा ही विनंती.)

मला समजले ते असे: शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की चरबीच्या पेशींतून सुटलेली मेदाम्ले यकृतात साठतात, त्यातून दाह सुरू होतो आणि यकृतातील एरवी स्वस्थ असणाऱ्या स्टेलेट पेशी कोलॅजन हे तंतुमय प्रथिन तयार करू लागतात, जे साचत गेल्याने यकृत कडक होते. २०२३ साली फॅटी लिव्हरच्या या आजाराचे नाव बदलताना वजन किंवा कंबरेचा घेर, साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड्स आणि एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) यांपैकी किमान एक दोष असणे ही निदानाची अटच झाली. आईच्या बाबतीत यांतले बहुतेक दोष आहेत, पण प्रत्येकाची गोळी वेगळी आणि यकृताचा विचार कोणत्याच चिठ्ठीत नाही.

फायब्रोसिस मागे फिरण्यासाठी वजन सुमारे १० टक्के घटावे लागते असे सांगतात. आईचे वजन ७१ किलो, म्हणजे सात किलो; तिचे गुडघे दुखतात, आणि चहात साखर न घेणारी ही बाई चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी मात्र सोडत नाही. सर्व आघाड्या एकदम सांभाळणे तिला झेपणार नाही, तेव्हा पहिला जोर साखरेवर द्यावा की वजनावर? यकृताकडे पाहून मधुमेहाची औषधे बदलल्याचा अनुभव कोणाला आहे का? मधुमेह व वजन यांवरील सेमाग्लुटाइड या औषधाला अमेरिकेत २०२५ मध्ये मध्यम ते पुढच्या टप्प्यातील फायब्रोसिस असलेल्या अशा रुग्णांसाठी मान्यता मिळाली. मुंबईत तुमच्या डॉक्टरांनी याबद्दल काय सल्ला दिला?

आणखी एक. फायब्रोस्कॅनपूर्वी किमान तीन तास काही खाऊ नये, खाल्ल्यास आकडा वाढून येतो, हे आम्हाला नंतर कळले. आई चहा-पोळी खाऊन लगेच गेली होती आणि तिथे कोणी विचारलेही नाही. तपासणी पुन्हा उपाशीपोटी करून मगच यकृततज्ज्ञांकडे जावे, की आधी त्यांची वेळ घ्यावी? केईएम किंवा शीवच्या रुग्णालयात या विकारासाठी कोणत्या ओपीडीत नाव नोंदवावे लागते, तेही कृपया सांगावे.