मदत हवी आहे: शांग्रिलाबद्दल तिबेटी लेखक काय म्हणतात?
नमस्कार मंडळी. जेम्स हिल्टनची 'लॉस्ट होरायझन' (१९३३) ही इंग्रजी कादंबरी परवा पुन्हा वाचली. तिच्यात आहे तिबेटकडच्या कुनलुन पर्वतात लपलेलं काल्पनिक शांग्रिला, जिथे म्हातारपण लांबतं. यावेळी एक गोष्ट मनाला फार लागली. तिथल्या मठाचा प्रमुख लामा तिबेटी नाहीच, तो लक्झेंबर्गहून आलेला कॅपुचिन (एक कॅथलिक संघ) पाद्री! न्हाणीघरातला हिरवा टबसुद्धा अमेरिकेतल्या ॲक्रनचा. तिबेटी माणसं ओझी वाहतात, शेतं कसतात. मग हे स्वप्न नेमकं कोणाचं? आणि चीनने २००१ मध्ये युन्नानमधल्या चोंगत्येनला तेच नाव देऊन टाकलं.

तिबेटी लेखकांनी यावर स्वतः काय लिहिलंय? मराठी, हिंदी, इंग्रजी काहीही चालेल, कृपया सुचवा. शंभाला, म्हणजे शांग्रिलासारख्याच गुप्त राज्याच्या मूळ बौद्ध कल्पनेवर मराठीत काही असेल तर ते आधी सांगा.